अर्धा गुन्हा कबूल

दार उघडलं तर गल्लीत अख्खा बँड उभा होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, तुरे खोचलेल्या टोप्या आणि तोंडावर मास्क. वाद्यं मात्र एकाच्याही हातात नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्यापासून चांगला सहा फुटांवर उभा होता, त्यामुळे पहिला माझ्या पायरीशी आणि शेवटचा पार पिठाच्या गिरणीपाशी. समोरच्या गॅलरीत शेजारच्या काकू चहाचा कप घेऊन कठड्याला टेकल्या होत्या. टाळेबंदीत एवढी करमणूक कुणाला मिळते!

"लग्न कुणाचं आहे?" मी विचारलं.

"लगीन न्हाई, बाई," पहिल्यानं हात जोडले. "केस हाय."

हे रंगराव ऐवळे, गुलाब ब्रास बँडचे मास्तर. वाळेगावात ज्याची वरात निघाली, त्याच्यापुढे मास्तरांची क्लॅरिनेट चाललेली असायचीच. माझ्या आईवडिलांच्या लग्नात त्यांचे वडील वाजवत होते. कोरोनाचं ते दुसरं वर्ष. मी वकिलीची सनद घेऊन वडिलांच्या ओसरीवर टेबल टाकलं होतं, आणि बांधाची भांडणं सोडली तर माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं. आता तर भांडणंही बंद होती. साथीच्या धास्तीनं बांधावरच कुणी जाईना.

"हा पोशाख कशाला घालून आलात?"

"वकिलाकडं यायचं म्हंजे बरं कापड नको व्हय अंगावर?" मास्तर म्हणाले. "ह्याच्यापरास बरं आमच्याकडं न्हाई."

मी त्यांना पायरीवर बसायला सांगितलं. बाकीचे उभेच राहिले.

मास्तर सांगू लागले. सलग दोन लग्नसराया कोरड्या गेल्या होत्या. मग लग्नांना मोजक्या माणसांत परवानगी मिळाली, दुकानं उघडली, सलून उघडली, आठवड्याचा बाजार दोऱ्या बांधून भरू लागला. बँडला मात्र बंदी ती बंदीच. तहसीलला अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर आलं नाही. कुणी मजुरीला गेला, कुणी भाजीचा गाडा लावला. शेवटी एका सोमवारी सगळे वाद्यं घेऊन तहसील कचेरीपुढे जाऊन उभे राहिले. दाखल्यांच्या रांगेसाठी नगरपालिकेनं तिथे पांढरी वर्तुळं आखलेली होती. एका वर्तुळात एक माणूस.

"घोषणा दिल्यात?"

"छ्या! बँडवाल्यानं वरडायचं कशाला, बाई? वाद्यं हातात धरली आन् गप उभं राहिलो. बँड गप उभा हाय ह्येच लोकांस्नी नवल. येणारा-जाणारा थांबून बगायचा, ग्वाड बोलायचा. सकाळपास्नं दुपार झाली, समदं बेस चाललं हुतं."

"मग बिघडलं कुठं?"

मास्तरांनी मान वळवून मागे पाहिलं. तिसऱ्या नंबरावर एक धिप्पाड माणूस आपल्या बुटांकडे पाहत उभा होता. हा सिकंदर मुल्ला, ढोलवाला.

"मग नवरदेव आला," मास्तर म्हणाले.

झेंडूच्या माळा लावलेली एक गाडी बाजारपेठेतून आली. आत चार माणसं, पुढच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. ना वाजंत्री, ना वरात. दवाखान्यात निघाल्यासारखा चालला होता बिचारा. आणि मास्तरांच्या बँडात एक जुना नेम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. नवरदेव बँडाच्या पुढून मुका जाऊ द्यायचा नाही. सुपारी आपली असो, दुसऱ्याची असो, कुणाचीच नसो. दोन ठेके तरी वाजवायचे, नाहीतर त्याच्या संसाराला सूर लागत नाही.

"काय करू, बाई," सिकंदर लांबूनच म्हणाला. "हात ग्येला."

"आणि मास्तर, तुमचा?"

"ढोल पडल्यावर क्लॅरिनेट गप बसंल व्हय?"

मला हसू आवरेना. तहसीलपुढे मग मास्क खाली आले, भोंगा सुरू झाला, ताशा सुरू झाला. वर्षभर कोंडलेली पेठ घराबाहेर पडली. किराणावाला नाचला, मेडिकलवाला नाचला, तहसीलमधला एक कारकून खिडकीतून हात हलवत होता. नवरदेव गाडीतून उतरून रडायलाच लागला म्हणे. मग पोलिसांची गाडी आली. बेकायदा आंदोलन, जमावबंदीचा भंग, मास्क नाही, गर्दी जमवली, अशी सगळी एकाच दोरीत बांधलेली केस झाली आणि वाद्यं जप्त झाली.

"वाद्यं ठाण्यात हायती," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. "खोली ओलसर हाय तिथली. कातडं सैल पडलं, क्लॅरिनेटच्या भोकांवरचं पॅड फुगलं की संपलंच. उद्या बँडला परवानगी आली तर आमी काय टाळ्या वाजवायच्या?"

आता मला हसू येईना.

"मास्तर, हे अवघड नाही," मी म्हणाले. "असल्या केसेसचा कोर्टात ढीग पडलाय. जायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, किरकोळ दंड भरायचा. संध्याकाळी वाद्यं घरी."

"तसं नगं."

"दंडाचं मी बघते."

"दंडाचं न्हाई ओ, बाई." ते उठले आणि त्यांनी कोट सारखा केला. "तसं नगं येवढंच."

का नको, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मीही नवखी, वाटलं, माणूस हट्टी आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर.

दोन दिवसांनी मी मास्तरांना आणि सिकंदरला घेऊन ठाण्यात गेले. फौजदार निकम म्हणजे भला माणूस. त्यांनी स्वतः मुद्देमालाची खोली उघडून दाखवली. हातभट्टीचे डबे, चोरीच्या सायकली, आणि त्यांच्यावर आडवा टाकलेला सिकंदरचा ढोल. सिकंदरनं उंबऱ्यातूनच हात लांब करून कातड्यावर बोट फिरवलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं. एवढा मोठा माणूस, पण त्याच्याकडे बघवेना.

"मॅडम," फौजदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या लग्नात ह्यांनीच वाजवलंय. मला काय हौस आहे का? एक करू. आंदोलनाचा भाग सोडून देऊ. नवरदेवाचे वडील जबाब द्यायला तयार आहेत, की बँड आम्हीच बोलावला होता. लग्नात वाद्य वाजवलं, एवढंच राहील. कबूल करायचं, सुटायचं."

मला तर देव भेटल्यासारखं झालं. मी धावत मास्तरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी तिथं आंदोलनाला उभं राहिलोच न्हाई, असं लिव्हायचं?"

"कागदावर फक्त."

"निकमसाहेबांस्नी सांगा, उपकार झालं," मास्तर म्हणाले. "पर न्हाई."

आता मात्र माझं डोकं फिरलं. परत येताना मी त्यांना नको नको ते बोलले. वाद्यं कुजतील, तुमची माणसं उपाशी मरतील, तुम्हाला पुढारी व्हायचंय का, सगळं बोलले. मास्तर सायकल हातात धरून, मी ढकलत नेत असलेल्या स्कूटीपासून सहा फूट अंतर राखत चालत होते आणि मधूनच "व्हय, बाई" म्हणत होते. भांडायला समोरचा तयार नसला की भांडणाचा केवढा कंटाळा येतो!

तारखेच्या आदल्या संध्याकाळी वकीलपत्रावर राहिलेल्या सह्या घ्यायला मी त्यांच्या वस्तीवर गेले. लांबूनच सूर ऐकू आले. मला वाटलं, ह्यांनी दुसरीकडून वाद्यं मिळवली. झाली का नवी केस! गाडी लावून आत गेले तर अंगणात राख टाकून वर्तुळं आखलेली, त्यांत सगळे बसलेले, आणि जो तो आपलं वाद्य तोंडानं वाजवत होता. भोंगेवाला "भों भों" करत होता, ताशेवाल्याची जीभ तडतड चालली होती, मास्तर मास्कआड क्लॅरिनेट होऊन डोळे मिटून डोलत होते. सिकंदर गालात हवा भरून "ढूम" म्हणाला की मास्क फुगायचा.

"तालीम सुटली की बँड सुटला," मास्तर म्हणाले. "जप्ती वाद्यांची हाय. सूर कुठं जप्त झालाय?"

मी तिथेच एका रिकाम्या वर्तुळात बसून ऐकत राहिले. सह्या घ्यायचं पार विसरून गेले, मग परत फिरून यावं लागलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मनापासून वाटलं, की ही माणसं हरता कामा नयेत.

रात्री मी तयारी केली. गर्दी बँडनं जमवली असं म्हणताच येत नाही, लोक आपणहून आले, मास्क कुणी कधी काढला याला पुरावा नाही, असे मुद्दे काढले. सकाळी मास्तरांना बजावलं, की न्यायाधीशांनी विचारलं तर दोनच शब्द बोलायचे: गुन्हा नाकबूल. बाकी माझ्यावर सोडा. मास्तर म्हणाले, "व्हय, बाई." ते "व्हय, बाई" मी ओळखायला हवं होतं.

कोर्टात न्यायाधीशांच्या पुढे प्लास्टिकचा पारदर्शक पडदा टांगला होता. न्यायाधीश तरुण होते, मास्कमुळे त्यांच्या चष्म्यावर सारखी वाफ धरायची. बँड लाल कोटातच आला होता. दाराशी शिपाई हसला, पण मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली आणि ताठ उभे राहिले, तसा तोही ताठ झाला.

न्यायाधीशांनी आरोप समजावून सांगितला. मनाई हुकूम असताना आंदोलनासाठी एकत्र जमलात, वाद्यं वाजवून गर्दी केलीत. "सगळ्यांच्या वतीनं तुम्ही बोलणार? आरोप मान्य आहे का?"

"अर्धा," मास्तर म्हणाले.

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"अर्धा म्हणजे?"

"सायेब, वाजवलं ते चुकलं. मास्क खाली केलं, माणसं गोळा झाली, त्यात म्हातारीकोतारी हुती. आमच्यापायी कुणाला बाधा झाली असती तर जलमभर घास ग्वाड लागला नसता. त्याची काय आसंल ती शिक्षा द्या. पर आमी वर्तुळात गप उभं राहिलो, ते कबूल न्हाई. त्यात गुन्हा न्हाई."

मी कपाळाला हात लावला. माझे सगळे मुद्दे पाण्यात गेले होते. जे नाकारायला मी रात्रभर जागले, ते माझ्या अशिलानं एका दमात कबूल करून टाकलं होतं.

सरकारी वकील लगेच उभे राहिले. "साहेब, हुकूम स्पष्ट आहे. कुठल्याही कारणासाठी आंदोलन नाही. लोक मरत असताना आज ह्यांना सूट दिली तर उद्या सगळं गाव रस्त्यावर येईल. जीव वाचले तर हक्क."

बोलणं वावगं नव्हतं. त्याच महिन्यात माझे मामा गेले होते. त्यांना शेवटचं पाहायलाही मिळालं नव्हतं आम्हाला.

"वकीलबाई?" न्यायाधीश माझ्याकडे वळले.

मी फाइल मिटली. तिच्यात आता कामाचं काहीच उरलं नव्हतं. "साहेब, फौजदार साहेब इथेच आहेत. त्यांना दोन-तीन प्रश्न विचारण्याची परवानगी द्यावी."

निकम पुढे आले.

"निकमसाहेब, त्या दिवशी तहसीलपुढच्या वर्तुळांत फक्त बँडवालेच होते?"

"नाही. दाखल्यांची रांगही होती."

"त्यांच्यावर केस केलीत?"

"नाही. अंतर ठेवून, मास्क लावून उभे होते. कामासाठी आले होते."

"आणि बँडवाले? वाजवायच्या आधी?"

निकमांनी मास्तरांकडे पाहिलं. "तेही अंतर ठेवूनच होते, मास्क लावून. तेही..." त्यांनी घसा साफ केला. "तेही कामासाठीच आले होते, साहेब. काम मागायला."

त्यांचे ते शब्द ऐकले आणि मला माझा खटला सापडला.

"साहेब," मी म्हणाले, "शेजारशेजारच्या दोन वर्तुळांत दोन माणसं उभी आहेत. अंतर तेवढंच, मास्क तसाच. एक दाखला मागतोय, दुसरा आपल्या अर्जाचं उत्तर मागतोय. आजाराला अंतर कळतं. माणूस काय मागतोय ते आजाराला कळत नाही. कसं उभं राहायचं ते सरकारनं सांगावं, ऐकलंच पाहिजे. ऐकलं नाही तिथे हे शिक्षा मागून घेतायत. पण नीट उभं राहिलेल्या माणसानं कशासाठी उभं राहायचं, हे सरकारनं सांगायचं ठरलं, तर ती साथीची काळजी राहत नाही."

एवढं बोलून मी खाली बसले.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं. तोंड झाकून, ठरवलेल्या अंतरावर, शांतपणे उभं राहून मागणी करण्यात या कोर्टाला गुन्हा दिसत नाही. त्या भागातून सर्वांची मुक्तता. मास्क काढून वाजवलं, गर्दी झाली, तेवढा गुन्हा कबुलीवरून शाबीत. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं आणि नाममात्र दंड. वाद्यं परत द्यावीत.

"ऐकून घ्या," ते मास्तरांना म्हणाले, "वाजवायची बंदी अजून आहे."

"व्हय, सायेब," मास्तर म्हणाले.

मग अख्खा बँड मागच्या बाकांवर एकाआड एक जागा सोडून कोर्ट उठायची वाट पाहत बसला. इतक्या समाधानानं शिक्षा भोगणारे आरोपी मी नंतर आजतागायत पाहिले नाहीत. सिकंदरला तर डुलकी लागली. एकदा झोपेतच त्याचा हात मांडीवर पडला आणि शेजाऱ्यानं घाबरून धरून ठेवला.

कोर्ट उठल्यावर आम्ही पायऱ्यांवर आलो. फौजदारांनी हवालदाराबरोबर वाद्यं तिथेच पाठवली होती. मास्तरांनी क्लॅरिनेटची पेटी उघडली, एकेक पॅड दाबून पाहिलं आणि मान हलवली. एकदोन बदलावी लागणार होती, बाकी शाबूत होती. सिकंदरनं ढोल गळ्यात अडकवला आणि नुसता कवटाळून उभा राहिला.

"मास्तर, आता तरी सांगा," मी म्हणाले. "फौजदारांचं ऐकलं असतं तर वाद्यं केव्हाच मिळाली असती. कागदावर लग्नच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मास्तरांनी पेटी बंद केली.

"बाई, आमच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या वरातीपुढं चालल्या. त्यो थांब म्हणला की थांबायचं, चल म्हणला की चालायचं. स्वतःसाठी म्हणून असं कदी कुटं उभं राहिलो न्हवतो. त्या सोमवारी पैल्यांदा राहिलो. आन् तुमी म्हणताय ते बी लग्नाच्या नावावर लिव्हायचं?"

गेले कित्येक दिवस मी या माणसाला सुटायला शिकवत होते, आणि त्याला सुटायचं नव्हतंच, त्याला ती एक सोमवारची सकाळ वाचवायची होती.

एवढ्यात कोर्टासमोरच्या रस्त्यानं गाडी आली. झेंडूच्या माळा, पुढच्या सीटवर मुंडावळ्या. देवाला विनोद करायची वेळ बरोबर कळते. सगळ्यांनी आधी सिकंदरकडे पाहिलं. सिकंदरनं झटक्यात दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यावर करतात तसे. हवालदार सावध होऊन पुढे सरकला. मग सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी क्लॅरिनेटची पेटी पायाशी ठेवली. टोपी डोक्यावर नीट बसवली. मास्क वर ओढला. डोळे मिटले, आणि मास्कच्या आतून क्लॅरिनेट सुरू झाली. त्यामागोमाग जिभेवरचा ताशा तडतडला, भोंगा "भों भों" करू लागला आणि सिकंदरच्या मास्कमधून, हात तसेच वर ठेवून, पहिला "ढूम" निघाला. बँड पायऱ्यांवर अंतर राखून, वाद्यांना बोटही न लावता, तोंडानं वाजत होता.

गाडी हळू झाली. काच खाली आली. नवरदेव आधी चक्रावला, मग त्याचे डोळे हसले. हवालदारानं हुकमात बसतंय का याचा विचार केला असावा, कारण तो बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिला.

बँडला परवानगी पुढे बऱ्याच दिवसांनी आली. आज मास्तरांच्या तारखा वर्ष-वर्ष आधी धराव्या लागतात, माझ्या लग्नालाही त्यांच्या सवडीनं मुहूर्त काढावा लागला. तहसीलपुढची वर्तुळं आता पुसट झाली आहेत. पण मला आठवते ती कोर्टापुढची संध्याकाळ. पायऱ्यांवर भोंगेवाल्याच्या आणि ताशेवाल्याच्या मध्ये एक जागा रिकामी होती. मी काळा कोट सारखा केला, दोन्हीकडचं अंतर नजरेनं मोजलं आणि त्या जागेत जाऊन उभी राहिले.